मन ओळखणारी खीळ

ग्लायडर वळवणारी पंखावरची झडप दांड्याला जोडायची खीळ वासंतीने तिसऱ्यांदा दाबली. ती पुन्हा बाहेर आली. जोडणाऱ्याचं चित्त थाऱ्यावर नसेल, तर या नव्या खिळी बसतच नसत. त्या आल्यापासून चुकीच्या जोडणीमुळे एकही ग्लायडर पडलं नव्हतं.

“उडणार मी, आणि घाबरलीयेस तू!” केतकी हसली. आज ती पहिल्यांदाच एकटी उडणार होती. “सरक आई, मी बसवते. सर ताटकळलेत तिकडे.”

वासंतीला हायसं वाटलं. पोरीचं मन तरी शांत होतं.

केतकीने खीळ दाबली. ती अलगद तिच्याच तळहातावर परत आली.

केतकीने खीळ आईच्या हातात ठेवली.

“आई,” ती हळूच म्हणाली, “सरांना तू सांगशील? आज नको म्हणून.”