कुंपणाबाहेरची बोगनवेल

कुंपणाबाहेर ओथंबलेली बोगनवेल छाटायला माळ्याने शिडी लावली, तशा कुमुदताई आडव्या आल्या.

“अहो, इथले चाळीसही बंगले एकसारखे! ह्यांना आता काही आठवत नाही. या फुलांवरूनच घर ओळखतात हो.”

“काकू, नियम म्हणजे नियम,” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. “भिंतीबाहेर एक फांदी चालणार नाही.”

तासाभरात भिंत बोडकी झाली. आणि ह्यांची फिरून यायची वेळ झालेली! कुमुदताईंनी ढिगाऱ्यातून फुललेल्या फांद्या ओढून काढल्या, काट्यांसकट छातीशी कवटाळल्या आणि फाटकात उभ्या राहिल्या.

ते आले. शेजारच्या फाटकाशी घुटमळले, पुढे सरकले आणि फुलं दिसताच चेहरा उजळला.

“बाई, जरा बाजूला होता का? आमचं घर आलं.”