नकलेचं गणित

"तीनशे पानं! हल्ली प्रबंध कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवतात," निवृत्त विभागप्रमुख बाड टेबलावर आपटत म्हणाले.

समोरच्या विद्यार्थिनीनं विस्कटलेली पानं सरळ केली. सात वर्षांचं काम होतं तिचं. आज सरांनी मान हलवली नाही, तर पदवी गेली आणि त्या पदवीच्या भरवशावर मिळालेली नोकरीही. शेजारी दुसऱ्या परीक्षक बाई चहा ढवळत होत्या. त्या सहसा तोंड उघडत नसत, म्हणूनच सरांना चालत.

"सोपं करून सांग. बाईंनाही कळू दे."

"जिवाणू स्वतःसारखा दुसरा जिवाणू घडवतो, सर. यंत्राला तेच करायचं तर आत स्वतःचा आराखडा हवा. तो एकदा वाचून नवं यंत्र बांधायचं. मग तोच न वाचता, जसाच्या तसा उतरवून त्या पिल्लाला द्यायचा."

"म्हणजे चूकसुद्धा उतरणार."

"पिढ्यानपिढ्या, सर."

"तू त्यातलीच. नुसती उतरवणारी!" सर खूश झाले. शितावरून भाताची परीक्षा हा त्यांचा खाक्या. पहिली चूक सापडली की बाड मिटायचं. पुढचं चिवडत बसायला ते रिकामटेकडे नव्हते.

"पान एक्केचाळीस. हे प्रमेय. नक्कल म्हणे मूळ यंत्रापेक्षा गुंतागुंतीची असूच शकत नाही! जे सिद्ध करायचं, तेच चौथ्या ओळीत गृहीत धरलंयस. अकरावीतलं पोर हसेल. ज्या गाढवानं हे पहिल्यांदा लिहिलं, त्याला गणिताचा वाराही लागलेला नाही."

"नक्की चूकच आहे ना, सर?" तिनं विचारलं.

"चूक? घोडचूक!"

"मग तेवढं अहवालात लिहून द्याल?"

सरांना गुदगुल्या झाल्या. आपणहून सुरीखाली मान देणारं कोकरू त्यांना आजवर भेटलं नव्हतं. 'हे प्रमेय साफ चुकीचं आहे' असं त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, लफ्फेदार सही ठोकली आणि कागद बाईंकडे सरकवला.

बाईंनी तो दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला. मग बाड ओढून घेतलं, पान उलटलं आणि चष्मा सावरून मोठ्यानं वाचू लागल्या.

"'वरील प्रमेय या विभागाच्या निवृत्त प्रमुखांनी तीस वर्षांपूर्वी मांडलं. ते चुकीचं आहे, एवढंच पुढच्या पानांत सिद्ध केलं आहे.'"