घटोत्कचाचा नवस

पोनिरान तापानं फणफणला, तेव्हा त्याच्या बायकोनं, तुमिनाहनं, ब्रोमोच्या ज्वालामुखीला नवस बोलला : नवरा वाचला, तर त्याचा लाडका झुंजीचा कोंबडा घटोत्कच तुझ्या तोंडात टाकीन. पोनिरान वाचला. नवस कळल्यावर त्याला वाटलं, ताप परवडला असता.

ज्वालामुखीचे नवस फेडायच्या कासादाच्या सणाला दोघांनी डोंगराखालच्या काळ्या वाळूत तंबू ठोकला. सकाळी पोनिरान म्हणाला, "माझा पाय मुरगळलाय गं. तूच जा चढून." ती कोंबडा काखोटीला मारून निघाली, तसा हा तोंडाला सारोंगचं कापड गुंडाळून, बांबूला बांधलेलं जाळं घेऊन आडवाटेनं विवराच्या आतल्या उतारावर जाऊन उभा राहिला. देवाला वरून टाकलेले कोबी, बटाटे, कोंबड्या झेलणाऱ्यांची तिथं ही गर्दी!

"जो झेलेल त्याचा प्रसाद, काय?" शेजारचा म्हातारा आपलं जाळं सावरत म्हणाला. "मागाहून रडारड चालायची नाही."

पोनिराननं आपलं जाळं आणखी उंच धरलं. एवढ्यात वर काठावर तुमिनाह दिसली. तिनं डोळे मिटले, कोंबडा कपाळाला लावला आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "देवा, माझा नवरा वाचवलास, हा घे तुझा कोंबडा!"

मग एक डोळा उघडून तिनं खाली पाहिलं.

"अहो, जरा डावीकडे सरका. त्या म्हाताऱ्याचं जाळं मोठं आहे."