जुना पत्ता

टक्.

दुपारच्या शांत घरात बोर्डावरचं मेन बटण वाजलं आणि पंखा मंदावत गेला.

"आत्याबाई, दोन वाजायला अजून पाच मिनिटं आहेत की."

"जाता जाता झटका मारती लाईट. आपणच आधी बंद केलेली बरी," म्हणत कोंडाबाई बोर्डापासून हलल्या. रोज दोनला लाईट जायची, चारला यायची. सासूबाई पावणेदोनपासूनच घड्याळाखाली उभ्या.

प्रियदर्शनीनं लॅपटॉपच्या कोपऱ्यातला आकडा बघितला. बॅटरी म्हातारी होती. चार्जर बंद झाला की सात मिनिटं, त्यावर एक नाही.

पडद्यावर भोकरकडचं एक गाव होतं. आकाशातून घेतलेल्या फोटोवर ती एकेका शेताची हद्द काढायची, कोपऱ्या-कोपऱ्यावर टिचकी मारत. पाच वर्षांची लुंबिनी दुपारी झोपायची, तेवढाच तिचा वेळ. त्यातली वीस मिनिटं गावाचे सगळे फोटो उघडून मांडण्यातच जायची, आणि लाईट गेली की मांडलेला डाव मोडायचा. म्हणून तिला लॅपटॉप असा झोपवायचा होता, की उठल्यावर सगळं जिथल्या तिथं असावं. त्यातल्या लिनक्स प्रणालीत तशी सोय होती. झोपायचाही गुणी बाळासारखा. उठायचा मात्र कोरा करकरीत, जसा काही आत्ताच जन्मला.

नांदेडहून काम देणाऱ्या ऋतुजा मॅडमनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "उद्यापर्यंत गाव पुरं झालं तर पुढची चार गावं तुमची. न्हाई तर दुसरीकडं द्यावं लागंल. राग मानू नका."

"अजून उठंना का गं त्यो?" कोंडाबाईंनी शेजारी बैठक मारली.

"उठतो, पण काही आठवत नाही त्याला. झोपताना सगळं सामान डिस्कवरच्या एका कप्प्यात ठेवतो. तुमच्या अश्वजितनं लातूरहून मेमरी आणून वाढवली, म्हणून कप्पा लहान पडत असेल असं वाटलं. परवा जुना कप्पा मोडून दुप्पट मोठा केला. तरी तेच."

"म्हंजी नवं घर बांधून दिलंस."

"हो."

"अन् पोस्टमनला सांगितलीस का?"

प्रियदर्शनीनं मान वर केली.

"आपण देवणी सोडून निलंग्याला आलो, तवा पोस्टात कुणी सांगितलंच न्हाई," कोंडाबाई म्हणाल्या. "लग्नाच्या पत्रिका जुन्या घरी, अन् रुसवे नव्या घरी. गुंडप्पाच्या पोरीच्या लग्नाला आलो न्हाई म्हणून त्यो अजून तोंड फिरवून जातो."

प्रियदर्शनीचा हात थांबला. कप्पा नवा केला की त्याला नंबरही नवा मिळतो. आणि उठल्या उठल्या सामान कुठं शोधायचं, ते लॅपटॉपला एका फाइलीत लिहून दिलेलं असतं. तिनं ती फाइल उघडली. तिथला नंबर सातानं सुरू होत होता. नव्या कप्प्याचा नंबर नऊनं.

"आत्याबाई, हा अजून देवणीलाच जातोय."

"मंग आण की त्याला निलंग्याला."

चार मिनिटं. तिनं जुना नंबर खोडला, नवा लिहिला, पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. मग बदल पक्का करायची आज्ञा दिली. पांढऱ्या ओळी सावकाश वर सरकू लागल्या, तशा कोंडाबाई पदरानं वारा घालायला लागल्या. लॅपटॉपला.

दीड मिनिट उरलं. तिनं नकाशावर एका शेताच्या चार कोपऱ्यांवर टिचकी मारली, पाचवा मुद्दाम सोडला, आणि लॅपटॉप झोपवला. पडदा काळा झाला.

लुंबिनी उठली ती डोळे चोळत थेट लॅपटॉपपाशी आली. त्याला कान लावला.

"मेला का ह्यो?"

"झोपलाय."

"मंग घोरत का न्हाई?"

"तुझ्या बापावर गेला न्हाई त्यो," कोंडाबाई शेंगा निवडता निवडता म्हणाल्या.

चारला शेजारच्या घरात टीव्ही बोलायला लागला. लाईट आली. तरी कोंडाबाईंनी पाच मिनिटं बटणाला हात लावू दिला नाही. आल्या आल्या लाईट खवळलेली असते, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्या वेळात प्रियदर्शनीनं पुसलेला ओटा दोनदा पुसला.

टक्.

तिनं लॅपटॉपचं बटण दाबलं. काळा पडदा. वर एकच पांढरी ओळ, आणि ती ओळ जागची हलेना. लुंबिनी मांडीत येऊन बसली.

मग तपकिरी शेतं उमटली. नाला उमटला. त्याच्या काठाला ते शेत, चारच कोपऱ्यांचं, आणि चौथ्या कोपऱ्यातून निघालेली रेघ बाणाच्या टोकाला लोंबकळत, पाचव्याची वाट बघत.

"आला का पोस्टमन?" कोंडाबाईंनी विचारलं.

प्रियदर्शनीनं मान हलवली आणि पाचव्या कोपऱ्यावर टिचकी मारली. शेत पुरं झालं.

"ह्याला समदं आठवलं?" लुंबिनीनं विचारलं.

"सगळं."

"कुठं ठेवलं व्हतं?"

"आत, त्याच्या कप्प्यात. झोपायच्या आधी तिथं ठेवलं, उठल्यावर तिथूनच काढलं."

लुंबिनीनं विचार केला. तिच्या गालावर अजून चटईची नक्षी होती.

"अन् मी झोपल्यावर मला कुठं ठेवतीस?"