दूरचा समुद्र, डोक्यावरची गच्ची

तिकडे दूरचा समुद्र दीड अंशाने तापलाय, म्हणजे इथला पाऊस यंदा रुसणार, असं हवामानतज्ज्ञ साहेबांनी टीव्हीवर छातीठोकपणे सांगितलं. त्याच तोऱ्यात घरी बायकोलाही बजावलं, "गच्चीची दुरुस्ती राहू दे. थेंबसुद्धा पडत नाही."

पावसाने ती मुलाखत पाहिली नसावी. आठवडाभर तो नुसता कोसळतोय. हॉलमध्ये तीन बादल्या मांडल्यात, आणि बायको चौथी शोधतेय. शेवटी साहेबांनी गच्ची दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना फोन लावला, "हातातलं काम टाका, पण आजच्या आज या."



"टीव्हीवर तुमचंच ऐकून गच्च्यांचं काम बंद केलं, साहेब. आता पाण्याचा टँकर घेतलाय. पाठवू का?"