सात कळ्यांची मुदत

सकाळी सूनबाईला चौथी कळी गळलेली दिसली.

सासूबाई त्यांच्या बहिणीकडे गेल्याला दोन महिने झाले होते. निघताना त्यांनी आपल्या खोलीतलं ऑर्किड तिच्या हवाली केलं. पहिलं फूल उमललं की कळव, दुसऱ्याच दिवशी येते, असं म्हणाल्या. तेव्हा दांड्यावर सात कळ्या होत्या.

सूनबाईची आई लहानपणीच गेली होती. लग्न होऊन आल्यापासून ती सासूबाईंच्या मागे-मागे असायची. स्वयंपाकघरात, बाजारात, दुपारी त्यांच्या पलंगाच्या कडेला. आता घर खायला उठायचं. चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. तिथेही लक्ष लागेना. एकाचा चष्मा तिने दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या हाती ठेवला.

संध्याकाळी तिने रोपवाटिकेतल्या माळीबुवांना गाठलं. पाणी आठवड्यातून एकदाच, कुंडीत मातीऐवजी झाडाच्या सालीचे तुकडे, ऊन पडद्याआडून. सगळं बरोबर होतं. माळीबुवांनी डोकं खाजवलं. आसपास पिकलेली फळं ठेवता का, असं विचारलं. बंद जागेत त्यांच्या हवेनेही म्हणे कळ्या गळतात. सासूबाईंच्या खोलीत फळं कुठून येणार, ती म्हणाली.

घरी नवरा समजूत घालायचा. आईशी रोज फोनवर बोलायचा आणि मग हिला सांगायचा, तू जिवाला लावून घेऊ नकोस म्हणालीय.

आठवडाभरात आणखी दोन कळ्या गेल्या. रात्रभर कूस बदलत ती उजाडायची वाट बघायची आणि उठल्या-उठल्या त्या खोलीत धावायची.

रविवारी तिच्या डोळ्यांदेखत सातवीही पडली आणि घरंगळत पलंगाखाली गेली. ती गुडघ्यांवर बसून वाकली. आत भिंतीलगत कागदी पिशवी होती. पिशवीत सहा सफरचंदं, पिकून मऊ झालेली.

घरात तिसरं कुणी नव्हतंच. पिशवी घेऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"स्वतःची आई घरात नकोय तुला?"

त्याने पिशवी तिच्या हातातून घेतली. मग म्हणाला, "आईनेच ठेवायला सांगितली. म्हणाली, 'मला आता इथे मावशीकडेच राहायचंय रे. पण पोरीला तसं सांगायला जीभ रेटत नाही.'"