कोऱ्या कागदाचं वजन

ऊन चढलं की गाड्यांच्या धुरातल्या वायूंपासून हवेत बारीक कण तयार होतात. गच्चीवरच्या हवा ओढणाऱ्या पंपातल्या गाळणकागदावर ते बसतात आणि प्रयोगशाळेतल्या मावशी त्यांचं वजन नोंदवतात. पडताळणीसाठी एक कोरा कागद बंद डबीत ठेवलेला असतो. त्याचं वजन वाढायचं काहीच कारण नाही.

चार दिवस ते वाढत होतं.

साहेबांचा आकड्यांवर फार विश्वास. आकडा बिघडला की त्यांना माणसाचा संशय यायचा.

"मावशी, तुमचा श्वास काट्यावर पडतोय. आज चुकलात तर हे काम दुसऱ्या कुणाला देईन."

"मी काय वादळ आहे का, साहेब? या, शेजारी उभे राहून बघा."

मावशींनी कोरा कागद काट्यावर ठेवला आणि श्वास रोखला. पडद्यावरचा आकडा वाढला, उतरला, पुन्हा वाढला. अगदी संथ, एका लयीत.

मावशींनी साहेबांकडे बोट दाखवलं. साहेबांनीही घाईघाईनं श्वास रोखला.

आकडा तसाच वर-खाली होत राहिला.

मग, आपल्याकडे कुणीतरी बघतंय हे कळल्यासारखा, तोही थांबला.